जी रांगेत उठायचं नाही

मी दवाखान्यात रक्त काढण्याचं काम करते. तेवीस वर्षं झाली. हे सांगायचं कारण एवढंच, की अंधार, रक्त, मेलेली माणसं यांना मी सहसा भीत नाही, आणि 'मला बाई काहीतरी दिसलं' म्हणत डोळे मोठे करणाऱ्या बायकांचा मला पहिल्यापासून राग येतो. आता मीच सांगायला बसले आहे. तेव्हा तो दिवा जरा इकडे सरकव, आणि माझं संपेपर्यंत मधे बोलू नकोस.

सुरुवात तिकिटांपासून झाली. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी थॉर्नशॉच्या थिएटरच्या खिडकीवर गेले. आईनं चिठ्ठी दिली होती: 'जी रांग, चौदा ते सतरा. दुसऱ्या नकोत.' खिडकीतली मुलगी चांगली होती. म्हणाली, ई रांगेत मधोमध चार मोकळ्या आहेत, तिथून जास्त छान दिसतं. मी म्हटलं, दिसत असेल, पण तू आमच्या आईला ओळखत नाहीस. मग तिनं मुकाट्यानं जी रांगेची चार तिकिटं काढून दिली.

आमची आई म्हणजे नोरीन होलरॉइड. वय चौऱ्याहत्तर, उंची जेमतेम पाच फूट. बाबा, म्हणजे क्लिफर्ड, जाऊन तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी तिनं बाबांची खुर्ची भाड्याच्या गाडीवर चढवून गावाबाहेरच्या कचरा डेपोत नेऊन टाकली. दुसऱ्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली. बाबांनी तिला जन्मात कधी चाकाला हात लावू दिला नव्हता. चौथ्या खेपेला परीक्षा पास झाली, आणि त्या दिवसापासून बुडाखाली चौकटीची जाड उशी घेऊन सगळ्या खोऱ्यातून हिंडत असते. आणि तिसऱ्या वर्षी तिच्या मनानं नाटक घेतलं.

तेही कुठलंतरी नाटक नाही. 'विधवेचा चहा'. आमच्या गावची हौशी मंडळी ते दहा-पंधरा वर्षांतून एकदा उकरून काढतात. पहिल्या अंकात एक खडूस नवरा चहा पिऊन मरतो, आणि मग चहात कोणी काय घातलं याचा शोध. आईनं ते एकदा बघितलं होतं, एकोणऐंशी साली, ग्लेनिस मावशीबरोबर आणि बेकरीतल्या दोन मैत्रिणींबरोबर. म्हणजे अर्धं बघितलं होतं. मला ताप भरला म्हणून बाबा तिला मधेच घरी घेऊन आले. मी तेव्हा पाच वर्षांची होते. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण नाताळच्या जेवणाला बाबा दर वर्षी ते सांगायचे: "आमच्या जॅनीनच्या तापापायी बिचारीचं नाटक राहिलं." सगळे हसायचे. मी ताटात बघायचे. पंचेचाळीस वर्षं मला त्या नाटकाचं वाईट वाटत होतं. चहात विष कोणी घातलं हे आईला कोणी सांगू लागलं, तर ती कानांवर हात ठेवायची. मला स्वतः बघायचंय, म्हणायची. तिनं आयुष्यात एकाही नाटकाचा शेवट बघितलेला नव्हता.

तर बुधवारी संध्याकाळी आम्ही चौघी निघालो. आई गाडीत चाकामागे, उशीवर. मी तिच्या शेजारी. मागे ग्लेनिस मावशी, आईची धाकटी बहीण. दोन नवरे सोडलेली, जिभेला हाड नसलेली, सत्तरीत चकाकणारे बूट घालणारी. आणि तिच्या पलीकडे माझी मुलगी ब्रायनी, एकोणीस वर्षांची, केस कापायच्या दुकानात शिकाऊ, कपाळावर निळी झुलपं. हवा कोरडी होती. कडाक्याची थंडी, पण पावसाचा एक थेंब नाही. हे लक्षात ठेव.

थिएटर आमचं जुनं. लाल मखमलीच्या खुर्च्या, माणूस उठला की बैठक आपोआप थप् करून वर उलटते. रांगा इतक्या चिकटून, की उशिरा येणाऱ्याला वाट द्यायची तर अख्ख्या रांगेला उभं राहावं लागतं. आम्ही बसलो ते असं: डाव्या टोकाकडच्या बाजूनं आधी मावशी, मग मी, मग आई, मग ब्रायनी. मी आईला म्हटलं, तू टोकाच्या जवळ बस, जाण्यायेण्याला सोपं. ती म्हणाली, नको, मी इथेच बसले होते. मग तिनं पुदिन्याच्या गोळ्यांचा पुडा आमच्यात फिरवला, आणि पर्समध्ये परत ठेवता ठेवता सहज बोलल्यासारखी बोलली.

"दुसऱ्या अंकात कोणी आत येऊ लागलं ना... तर उठायचं नाही. कोणीही."

"आजी, असं कसं?" ब्रायनी म्हणाली. "लोक काय म्हणतील? वाट तर द्यायलाच लागते."

"एक दिवस नाही दिली तर छत पडत नाही."

मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. मावशीकडे बघितलं, तर ती पायातल्या बुटांकडे बघत होती. त्या बाईला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

पहिला अंक झकास झाला. नवऱ्याचं काम आमच्या डाकखान्यातल्या माणसानं केलं होतं, आणि तो मेला तेव्हा टाळ्या पडल्या. मध्यंतर झाल्या झाल्या आई आणि ब्रायनी बायकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. ती रांग पार जिन्यापर्यंत आली होती. मी आणि मावशी वर बारमध्ये गेलो. आमचे चार पेले आधीच सांगून ठेवलेले, फळीवर 'होलरॉइड' अशी चिठ्ठी लावून मांडलेले होते. मावशीनं तिची शेरी एका घोटात संपवली, मग आईचं सरबत सोडून माझीही संपवली.

"तुला खरंच ताप होता असं वाटतं तुला?" तिनं विचारलं.

मग तिनं मला जे सांगितलं ते मी तिच्या शब्दांत सांगत नाही, कारण ती मधे मधे थांबत होती. त्या रात्री बाहेर धो धो पाऊस होता. आईनं बाबांना विचारलं होतं, जाऊ का; ते काहीच बोलले नाहीत, आणि तिनं तो होकार धरला. जेवण झाकून ठेवून ती गेली. दुसरा अंक सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, आणि बाबा आत आले. तो त्यांचा लांब खाकी रेनकोट, त्यातून पाणी गळतंय, तोंडात खोकल्याची ती कडक गोळी. रांगेच्या डाव्या टोकापासून एकेकाला 'माफ करा, माफ करा हं' म्हणत ते पुढे सरकले. घराबाहेर त्यांचा आवाज कधी चढलाच नाही. सगळ्यांना वाटायचं, काय सभ्य गृहस्थ. एकेक माणूस उठला, वाट दिली. आईपाशी येऊन ते वाकले आणि तिच्या कानात म्हणाले, "पोरीला बरं नाही." आई उठली. त्यांनी तिचा कोपर धरला. परत जाताना सगळे परत उठले.

"दोनदा उठले सगळे, जॅनीन. आणि दोन्ही वेळा मीसुद्धा." मावशी रिकाम्या पेल्यात बघत होती. "तिनं माझ्याकडे बघितलं होतं. मी काय केलं असेल? पर्स पोटाशी धरून वाट दिली मी त्याला."

घरी आई धावत पोचली तर मी गाढ झोपलेली. कपाळ गार. शेजारच्या मिसेस साइक्स विणत बसल्या होत्या. म्हणाल्या, अगंबाई, इतक्यात संपलं नाटक? पुढे काय झालं ते मावशीनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आईचा डावा कोपर अजून सरळ होत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती जिन्यावरून पडली होती, असं आम्हाला सांगितलेलं होतं.

मला इतका संताप आला, की हातातला रिकामा पेला मी फळीवर ठेवला तो आपटूनच. बेचाळीस नाताळ मी त्या माणसासमोर मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात घंटा वाजली आणि आम्ही खाली गेलो. आई येऊन बसली होती, आइस्क्रीमचा छोटा डबा मांडीवर, झाकणातला चमचा काढून हातात. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखी उत्सुकता होती. मी तिच्या त्या डाव्या हातावर नुसता हात ठेवला. ती म्हणाली, गार आहे ग तुझा हात, आइस्क्रीम वितळायचं नाही.

दिवे गेले. पडदा उघडला.

पहिल्यांदा वास आला. ओल्या रेनकोटाचा तो वास असतो ना, रबर आणि जुनी लोकर आणि बंद कपाट यांचा मिळून. आणि त्यात कापूर-पुदिन्याची ती खोकल्याची गोळी. मी स्वतःला म्हटलं, कोणीतरी भिजून आलं असेल. मग आठवलं, बाहेर पाऊस नव्हता.

डावीकडे रांगेच्या टोकाजवळ एक खुर्ची उलटली. थप्.

मग त्याच्या शेजारची. थप्.

मी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. रंगमंचावरच्या पिवळ्या उजेडात एक म्हातारा उभा होता, पोट आत ओढून, बायकोची छत्री पायांशी जवळ घेऊन. त्याची बायकोही उठली होती. आता तुला आमच्याकडची रीत माहीत आहे. वाट देताना समोरून जाणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. खाली बघायचं, पिशवी ओढून घ्यायची, 'काही हरकत नाही' असं पुटपुटायचं. ती दोघं अगदी तसंच करत होती. फक्त त्यांच्यासमोरून कोणी जात नव्हतं. दोघांच्या गुडघ्यांमध्ये आणि पुढच्या खुर्च्यांमध्ये जी फट होती, तिच्यातून मला पलीकडचा दिवा स्पष्ट दिसत होता.

ती खाली बसली. पुढच्या तिघी उठल्या. थप्... थप्... थप्. त्यातली एक हळूच म्हणाली, "अय्या, किती भिजलात तुम्ही..." पण वर बघितलं नाही. तिच्यानंतरची जांभळ्या स्वेटरातली जाडी बाई, मावशीच्या अगदी शेजारची, तीही उठली. बिचारीला धड उभं राहता येईना, तरी उठली. इतकी आम्ही सभ्य माणसं.

आता फक्त मावशी.

तिचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, आणि मी बघत असताना ते हात ताठ झाले. ती वीतभर वर उठली. तिच्याखाली बैठक उलटायला लागली, मला तिची स्प्रिंग कुरकुरताना ऐकू आली. मी तिला धरणार होते. पण धरलं नाही. ते तिचं तिलाच करायचं होतं, एवढं मला त्या अंधारातही कळलं.

मावशी धपकन खाली बसली.

"नाही," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "या वेळी नाही, क्लिफर्ड."

आणि तिनं ते चकाकणारे दोन्ही बूट उचलून समोरच्या खुर्चीच्या पाठीला घट्ट टेकवले. रस्त्यात आडवं फाटक टाकावं तसे. समोरच्या माणसानं मान वळवून तिच्याकडे डोळे वटारले. मावशी त्याच्या टकलावरून पलीकडे रंगमंच बघत राहिली. तिचे गुडघे थरथरत होते. नुसते भीतीनं नाही. कोणीतरी त्यांच्यावर आपला भार टाकत होतं. तिच्या नडग्यांवरचे मोजे काळे होत गेले, आणि पाणी टपटप करत माझ्या बुटापर्यंत आलं.

मग कोणीतरी तिच्यावरून वाकलं. माझ्या गालाला गार ओलावा लागला आणि ती गोळी दातांवर खडखडली. तो आवाज मी घरातल्या कुठल्याही खोलीतून ओळखला असता.

"पोरीला... बरं नाही."

खरं सांगते, मी पाच वर्षांची झाले. माझ्यामुळे आईला जावं लागणार, असं मला वाटलं. ते वाटणं माझ्यात इतकी वर्षं जागच्या जागी बसलेलं होतं. पण वर बारमध्ये आलेला तो संतापही अजून होता, आणि मी त्याला धरून राहिले.

"मी बरी आहे, बाबा," मी म्हणाले. "मला ताप नव्हता. तेव्हाही नव्हता..."

गोळीचा आवाज थांबला. रंगमंचावर विधवा कपाटातून किटली काढत होती. ब्रायनी पलीकडून कुजबुजली, "मम्मी, कोणाशी बोलतेस?" मी म्हटलं, काही नाही, समोर बघ. तिनं मात्र काय जाणलं कोण जाणे, आजीच्या दंडात हात अडकवला आणि आपले दोन्ही पाय खुर्चीवर वर घेऊन पक्की बसली.

"पोरीला बरं नाही..." परत. या वेळी माझ्याशी नाही. माझ्या समोरून, आईच्या दिशेनं. हळूहळू, एकेक शब्द सुटा. घरात ते असे हळू बोलायला लागले की आम्ही ताटं उचलून स्वयंपाकघरात जायचो.

मी आईकडे बघितलं. ती रंगमंचाकडेच बघत होती. तिच्या हातात तो छोटा चमचा होता, त्यावर आइस्क्रीम, आणि ते हलतही नव्हतं. तिनं मान वळवली नाही. डोळेसुद्धा नाही.

"श्श," आई म्हणाली. "मी बघतेय."

आणि चमचा तोंडात घातला.

किती वेळ गेला मला माहीत नाही. रंगमंचावर दोन वाक्यं झाली असतील. मग मावशीच्या गुडघ्यांवरचा भार गेला. तिचे पाय एकदम ढिले पडले. जांभळ्या स्वेटरातली बाई सुस्कारा टाकून परत उठली. मग त्या तिघी. मग म्हातारा आणि त्याची बायको. थप्, थप्, थप्, आमच्यापासून दूर दूर. शेवटी रांगेच्या टोकाची खुर्ची, जी संध्याकाळपासून रिकामी होती, ती खाली दबली, आणि खालीच राहिली.

बाकीचं नाटक मी त्या खुर्चीकडे न बघण्यात घालवलं. आईनं मात्र एक शब्द सोडला नाही. आणि शेवट सांगू? चहात काही नव्हतंच. विधवेनं नवऱ्याला कप दिला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसली. एवढंच. ती का हसली या भीतीनं तो मेला. आईला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली, इतकी हसली, की पुढच्या रांगेतली माणसं तिच्याकडे बघून हसायला लागली. पडदा पडल्यावरही ती डोळे पुसत होती. मावशी रडत होती. मी दोघींना कोट चढवले.

दाराशी ती जांभळ्या स्वेटरवाली भेटली. आमच्याकडची नाराजी जशी असते तशी, गोड आवाजात, नाक जरा वर करून तिनं मला सुनावलं. "तुमच्यातले ते गृहस्थ बिचारे किती ओले झाले होते. जरा उठला असतात तर काय बिघडलं असतं?"

"पुष्कळ," मी म्हटलं. मावशीनं ते ऐकून मान ताठ केली.

गाडी मागच्या आवारात होती. आईनं दार उघडलं आणि उभीच राहिली. चालकाची सीट पार मागे सरकवलेली होती, एखाद्या सहा फुटी माणसाला लागते तितकी, आणि उशी मागच्या सीटच्या पायथ्याशी फेकलेली. मी म्हटलं, आई, आपण टॅक्सी करू. तिनं वाकून उशी उचलली, दोनदा झटकली, सीटखालचा दांडा धरला आणि कट कट कट करत सीट आपल्या मापाला पुढे आणली. आरसाही फिरवलेला होता. तोही नीट केला. मग म्हणाली, बसा ग पोरींनो, थंडी आहे.

आमची घरं टेकडीपलीकडे. रस्ता माळावरून जातो, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, मधे बाबांना पुरलं ती दफनभूमी, आणि दिवा एकही नाही. आवार सोडून शंभर पावलं गेलो असू, तोच गाडीत तो आवाज सुरू झाला. टिंग... टिंग... टिंग. मागे बसलेल्यानं पट्टा लावला नसेल तर वाजतो तो. चाकासमोर लाल दिवा लागला होता. मागची मधली जागा.

मी वळून बघितलं. मावशी एका खिडकीशी, ब्रायनी दुसऱ्या, दोघींचे पट्टे लावलेले. मधे मावशीची पर्स होती. तिनं ती उचलून मांडीवर घेतली. आवाज थांबला नाही. तो वास मागून पुढे आला. ब्रायनी दाराला चिकटली होती आणि तिचा चेहरा तिच्या झुलपांसारखाच निळा दिसत होता.

"आजी... इथे गार लागतंय..."

आईनं आरशात बघितलं. एकदाच. मग रस्त्याकडे.

"पट्टा लाव, क्लिफर्ड," ती म्हणाली. "गाडी मी चालवतेय."

टिंग. टिंग. मावशीचे दोन्ही हात पर्सवर होते. ब्रायनीचे दोन्ही हात तोंडावर होते. मला चारही हात दिसत होते.

त्यांच्या मधोमध, टक्क, असा पट्टा अडकल्याचा आवाज आला. टिंग टिंग बंद झालं.

दफनभूमीच्या फाटकापाशी आईनं गाडी थांबवली. इंजिन चालूच. "उतरतोस?" तिनं विचारलं. आम्ही वाट बघितली. वायपरखाली एक वाळकं पान फडफडत होतं, तेवढाच आवाज. पट्टा सुटला नाही. "बरं," आई म्हणाली, "मग मागेच बस. बोलायचं नाही." आणि गिअर टाकून निघाली. इतक्या वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला, की भीती वाटायची विसरले. ती नंतर घरी गेल्यावर वाटली, पहाटेपर्यंत.

सकाळी उजेडात बघितलं, तर पट्टा तसाच लावलेला. रिकाम्या सीटवरून बाहेर ओढलेला, दांडग्या माणसाच्या पोटाएवढी जागा सोडून, आणि हाताला ओला. ब्रायनीनं लाल बटण अंगठ्यानं दाबून दाबून बघितलं, सुटेना. आई म्हणाली, राहू दे. त्यानंतर तीन आठवडे ती तशीच फिरली. बाजारात, चर्चला, समुद्रावर. मधल्या जागेशी एक शब्द बोलली नाही. पुढच्या महिन्याचं नाटकही तिनं ठरवून टाकलं. आता आम्ही दर महिन्याला जाणार, चौघी.

काल मंगळवार. सकाळी आईचा फोन आला. एवढंच म्हणाली, की पट्टा सुटलाय.

जेवणाच्या सुट्टीत मी थिएटरच्या खिडकीवर गेले. तीच मुलगी होती. मला बघून हसली आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं तिकिटं पुढे सरकवली. जी रांग, तेरा ते सतरा. पाच. मी म्हटलं, आम्ही चौघी आहोत. ती गोंधळली. म्हणाली, पण तुमच्यातले गृहस्थ आत्ताच सांगून गेले ना, फार सभ्य, अगदी हळू बोलतात. मी खाली बघितलं. बाहेर रस्ता कोरडा होता. माझ्या पायांखालची फरशी ओली होती.

"चार," मी म्हटलं. "आणि ते तेरा नंबरचं माझ्या डोळ्यांसमोर फाड."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. फाडलं. पण कागद फाटल्याचा आवाज आला नाही. तो पार भिजलेला होता.